इंडियन रक्तगट पद्धती
मानवी तांबड्या कोशिकांच्या पृष्ठभागावरील सीडी ४४ या ग्राही प्रथिनावर असणाऱ्या प्रतिजनांची रक्तगट पद्धती. या प्रथिनाचे जनुक ११ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. पद्धतीचा शोध मुंबईत लागला.

मुंबईतील परळ येथे शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र होते. तेथील एस. एस. बडकेरे, एस. आर. जोशी, एच. एम. भाटिया व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये एका नव्या प्रतिजनाची नोंद केली आणि देशावरून त्याला ‘इन-ए’ हे नाव दिले. भाटिया हे वाय. एम. भेंडे व सी. के. देशपांडे यांच्यासमवेत १९५२ मधील ‘बाँबे’ रक्तगटाच्या शोधातही सहभागी होते. मुंबईतील पाहणीत शेकडा सुमारे तीन ते चार व्यक्तींत इन-ए आढळला. यूरोपीय लोकांत तो अतिशय विरळ आहे. पुढे इराणी व अरब लोकांत मात्र त्याचे प्रमाण शेकडा दहाहून अधिक भरले. त्यामुळे ‘इंडियन’ हे नाव शोधाच्या स्थळापुरतेच खरे मानावे लागते.

सॅलिस या नावाने परिचित असलेला प्रतिपिंड इन-एच्या जोडीदार प्रतिजनाविरुद्ध आहे, असे कॅरोलिन जाइल्स यांनी १९७५ मध्ये दाखविले. हा जोडीदार म्हणजे इन-बी. तो जवळजवळ सर्वांत असतो आणि रक्ताधानातील खरी अडचण त्याच्यामुळेच उद्भवते. ज्यांना आईवडील दोघांकडून इन-ए मिळाला, त्यांच्या कोशिकांवर इन-बी नसतो. वरील प्रमाणावरून हिशोब केल्यास अशा व्यक्ती दहा हजारांत दोन ते चार भरतात. रक्ताधानानंतर किंवा गर्भारपणात त्यांच्या रक्तरसात इन-बीविरोधी प्रतिपिंड निर्माण होऊ शकतो व मग बहुतेक कोणत्याही दात्याचे रक्त जुळत नाही. अशा रक्ताने तत्काळ रक्तविघटन झाल्याचीही नोंद आहे. यासाठी जुळणाऱ्या रक्ताचा शोध सख्ख्या भावंडांपासून सुरू करतात. ए-बी-ओ व आर-एच गट मात्र स्वतंत्रपणे जुळावे लागतात.

हे प्रतिजन ज्या प्रथिनावर असतात ते सीडी ४४ च होय, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. पांढऱ्या व इतर अनेक कोशिकांवरही हे प्रथिन असते. कोशिकांभोवतालच्या आधारद्रव्यातील हायल्युरॉनिक अम्लाचा ते प्रमुख ग्राही आहे, असे १९९० मध्ये आढळले. १९९१ मध्ये त्याच्या एका पर्यायी रूपामुळे उंदरांतील कर्ककोशिकांना शरीरात अन्यत्र पसरण्याची क्षमता येते, असे दिसले व कर्करोगाच्या संशोधकांचे लक्ष या जनुकाकडे वळले.

इन-ए व इन-बी यांतील भेद एकाच ॲमिनो अम्लाचा आहे, असे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. प्रथिनाच्या ४६ व्या स्थानी इन-बीमध्ये आर्जिनीन, तर इन-एमध्ये प्रोलीन असते. हा बदल हायल्युरॉनिक अम्ल बांधणाऱ्या भागातच पडतो. तरीही ते बांधण्याची क्रिया त्याने थांबत नाही. पुढे या पद्धतीत आणखी काही प्रतिजनांची भर पडली.