काचेचा मनोरा उभारणारी सारा पर्सर

भरतकाम, विणकाम, रांगोळी, चित्रे. बायकांच्या हातून जे जे सुंदर होते त्याला घरोघर 'हौस' हा एकच शब्द ठरलेला असतो. आयर्लंडच्या चित्रकर्त्री सारा पर्सर यांना तो शब्द परवडण्यासारखा नव्हता.

त्यांचा जन्म १८४८ सालचा, डब्लिननजीकच्या किंग्जटाऊन बंदरातला. बालपण गेले डंगारव्हन गावी. वडिलांचा पिठाच्या गिरणीचा धंदा, घरचे बरे, स्वित्झर्लंडात शाळा. चित्रांची गोडी तेथेच लागली. १८७३ साली धंदा बुडाला. पंचवीस वर्षांच्या सारांनी ठरविले की ब्रशावर पोट भरायचे. आईला घेऊन त्या डब्लिनला आल्या आणि तेथील कलाशाळेत शिकू लागल्या.

१८७८ साली थोडक्या पैशांनिशी त्या पॅरिसला गेल्या. तेथील सरकारी कलाशाळेत तेव्हा स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तो १८९७ साली मिळाला. म्हणून त्या ज्यूलियन यांच्या खाजगी चित्रशाळेच्या स्त्रीवर्गात शिकल्या. काही महिन्यांचेच हे शिक्षण, पण पुढे त्यांनी रंगविलेले 'सकाळची न्याहारी' हे चित्र पाहावे! टेबलाशी बसलेली, आपल्याच विचारात हरवलेली तरुणी. आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे.

परत आल्यावर स्लायगो परगण्यातील गोर-बूथ घराण्याच्या दोन मुलींचे चित्र त्यांनी काढले. यांतील कॉन्स्टन्स म्हणजे १९१८ साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री. धाकटी ईव्हा कवयित्री झाली. त्या चित्रानंतर बड्या घरांची दारे उघडली. गोवर पसरावा तशी मी उमरावांत पसरले, असे सारा स्वतःच म्हणत. जिभेला त्यांच्या धार होती. मिळालेला पैसा त्यांनी गिनेस कंपनीच्या भागांत गुंतविला आणि त्या चांगल्या श्रीमंत झाल्या. कलावंताने हिशेब जाणू नये असा संकेत आहे. सारांनी तो मानला नाही हे फार बरे झाले, कारण पुढचे सारे त्या पैशावर उभे राहिले.

त्या काळी आयर्लंडच्या चर्चमधील रंगीत काचा म्युनिक आणि इंग्लंडहून ठोक भावाने येत. नाटककार एडवर्ड मार्टिन यांना ही गोष्ट सलत होती. त्यांच्या आग्रहावरून १९०३ साली सारांनी डब्लिनमध्ये 'अन टूर ग्लिने', म्हणजे 'काचेचा मनोरा', हा कारखाना काढला. मोठ्या कारखान्यांत एक जण नकाशा काढी, दुसरा काच कापी, तिसरा रंगवी. येथे मात्र ज्याची खिडकी त्यानेच ती आरंभापासून शेवटपर्यंत करावयाची. सारांनी स्वतः फारशा खिडक्या केल्या नाहीत. त्यांनी कामे मिळविली, वेळप्रसंगी पदरचे पैसे घातले, आणि दुसऱ्यांना करू दिले. कॅथरीन ओब्रायन, एथेल ऱ्हाइंड, विल्हेल्मिना गेडीस या स्त्रिया येथेच नावारूपाला आल्या. गेडीस यांची, पहिल्या महायुद्धातील मृतांची स्मारकखिडकी कॅनडात ऑटावाच्या चर्चमध्ये आहे. लहानपणी पोलिओने पांगळी झालेली ईव्ही होन १९३३ च्या सुमारास येथे आली. इंग्लंडातील ईटनच्या शाळेच्या चर्चमधील भव्य खिडकी हे तिचे पुढचे काम.

आणि इकडे रॉयल हायबर्नियन अकादमी? १८२३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १८९० मध्ये सारांना 'सन्माननीय' सदस्यत्व दिले. मान होता, मत नव्हते. पूर्ण सदस्यत्व मिळाले १९२४ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर! तोवर अन्य कोणत्याही स्त्रीला ते लाभले नव्हते.

त्याच साली त्यांनी राष्ट्रीय संग्रहांसाठी एक मित्रमंडळ काढले. ह्यू लेन हे संग्राहक १९१५ साली लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाले होते. आपली ३९ चित्रे डब्लिनला द्यावीत असे त्यांनी मृत्युपत्राच्या पुरवणीत लिहिले होते, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. तेवढ्यावरून चित्रे लंडनला राहिली. ती परत मागायची तर ठेवायला घर हवे, हे या बाईंनी ओळखले. अध्यक्ष कॉसग्रेव्ह यांच्यामागे लागून त्यांनी चार्लमाँट हाऊस ही हवेली मिळविली. १९३३ साली तेथे नगर-चित्रसंग्रह उघडला. १९५९ मध्ये दोन्ही शहरांनी चित्रे आळीपाळीने ठेवण्याचा करार झाला.

तो पाहायला सारा नव्हत्या. ९१ व्या वर्षापर्यंत कारखान्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती; १९४३ साली त्या वारल्या. पुढल्याच वर्षी कॅथरीन ओब्रायन यांनी कारखाना विकत घेतला आणि १९६३ साली मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच काचा रंगवीत राहिल्या.