राजा पोटी जन्मावा लागतो का?

एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला गोळीबार झाला, माणसं मेली. तरीही जुलैमध्ये वसाहतींच्या काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जला समेटाचा अर्ज धाडला! राग होता तो पार्लमेंटवर, मंत्र्यांवर. राजा मात्र भला, त्याच्या कानावर नीट घातलं की न्याय मिळेल, अशी आशा. धनी देवमाणूस, दिवाणजीच खोटा, असं म्हणणारी माणसं आपणही पाहिलेली असतात.

ही आशा मोडायला निघाला थॉमस पेन. 10 जानेवारी 1776 ला फिलाडेल्फियात त्याची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निनावी छापली गेली. पानं जेमतेम पन्नासेक. पेन इंग्लंडचा, कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा, अबकारी खात्यातून काढून टाकलेला. अमेरिकेत येऊन त्याला वर्ष-सव्वा वर्षच झालं होतं.

कराचा हिशोब त्याने बाजूला ठेवला आणि थेट मुळाला हात घातला. बाप शूर असेल, पण मुलगा लायक निघेल कशावरून? आणि या घराण्याचा मूळपुरुष विल्यम तरी कोण? हत्यारबंद टोळी घेऊन आलेला लुटारूच ना? लॅटिन वचनांऐवजी त्याने बायबलमधली शमुवेलाची गोष्ट घेतली: लोकांनी राजा मागितला, ते देवाला रुचलं नाही. हे शेतकऱ्याला, सुतारालाही कळत होतं.

श्रेय एकट्या पुस्तिकेचं नाही. राजाने अर्ज घ्यायलाच नकार दिला होता आणि वसाहतींना बंडखोर ठरवलं होतं. पण 4 जुलै 1776 चा जाहीरनामा बघा. त्यातली आरोपांची लांब यादी पार्लमेंटवर नाही, राजावर आहे. वर्षभरात बोट वळलं होतं.

मात्र वसाहतींतली जवळपास पाचवा हिस्सा माणसं गुलाम होती, आणि त्यातली बहुतेक जन्मानेच. त्यांच्यापर्यंत हा युक्तिवाद पोचू दिला गेला नाही.

इथे आपला धागा जुळतो. पेनचं नंतरचं 'राइट्स ऑफ मॅन' जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं. 1873 मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना, 1776 च्या विजेत्यांना नव्हे. मला ही निवड फार नेमकी वाटते. जन्माने मिळालेला अधिकार सिंहासनावरच बसतो असं नाही, तो गावच्या पाणवठ्यावरही बसतो, हे जोतीरावांना ठाऊक होतं. पेनचा प्रश्न त्यांनी तिथे नेऊन विचारला.