हबशी ही शिवी नाही

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी बारा वर्षांची भाची बुलढाण्याला आमच्याकडे आली, ती डोक्यावरची ओढणी घरातही काढेना. तिचे केस जन्मापासून दाट आणि स्प्रिंगसारखे वळलेले. कुणाच्या तरी सल्ल्यावरून आपाने तिला एका पार्लरमध्ये केस सरळ करायला नेलं होतं. औषधाने टाळू भाजली, कानामागचे केस तुटून आले. पण ओढणीचं खरं कारण मला चार दिवसांनी कळलं. तिने हळूच विचारलं, "खाला, आपण हबशी आहोत का?" वर्गातल्या मुली तिला त्या नावाने चिडवत होत्या.

मी तिला सांगितलं, केस कुरळे आहेत एवढ्यावरून कुणाचं कूळ ठरत नाही. पण हबशी ही शिवी कधीपासून झाली, हेही विचारायला हवं.

अरबीत हबश म्हणजे इथिओपिया. तिथे १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असे बाजार पाहत, मालक बदलत तो अहमदनगरला पोहोचला. तोच मलिक अंबर. निजामशाही त्याने पंचवीसेक वर्षं मोगलांपासून राखली, खडकी शहर वसवलं, जमीन मोजून महसूल बसवला. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधव त्याच निजामशाहीतले मोठे सरदार. पुढे ते मोगलांकडे गेले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत लखुजी मोगलांच्या बाजूने होते आणि त्यांचे जावई शहाजीराजे अंबरच्या बाजूने. म्हणजे जिजाऊंचं माहेर एकीकडे, सासर एका हबशाच्या झेंड्याखाली. हा इतिहास शिकणाऱ्या मुलींनी हबशी हा शब्द हिणवण्यासाठी वापरावा, यात दोष मुलींचा कमी आणि आपला जास्त.

अंबरच्या चित्रांत त्याच्या डोक्यावर पगडी असते, केस दिसत नाहीत. पण त्याच्या मूळ मुलखातली केसांची रीत आजही जिवंत आहे. टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या बारीक वेण्यांना तिथे शुरुबा म्हणतात. त्या फक्त बायकांच्या नव्हेत. सम्राट तेवोद्रोस दुसरा आणि त्याच्यानंतरचा योहान्नेस चौथा यांच्या चित्रांत त्या वेण्या स्पष्ट दिसतात. योद्ध्याचीही ती खूण होती.

या तेवोद्रोसच्या केसांची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. त्याने काही युरोपीय लोकांना कैदेत ठेवलं, म्हणून इंग्रजांनी त्याच्यावर फौज पाठवली. ती गेली मुंबईहून, मुंबई लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्या हाताखाली, आणि तिच्यात हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. एप्रिल १८६८ मध्ये मग्दालाचा किल्ला पडला. सम्राटाने कैद होण्याऐवजी स्वतःवर पिस्तूल झाडलं. विजेत्यांनी किल्ल्यातली हस्तलिखितं आणि मुकुट नेले, आणि त्याच्या डोक्यावरचे केसही कापून नेले. त्यातल्या दोन बटा लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात होत्या. २०१९ मध्ये त्या इथिओपियाला परत मिळाल्या. दीडशे वर्षांनी एखादा देश आपल्या राजाचे केस सन्मानाने घरी नेतो, तेव्हा केस ही निव्वळ नटण्याची बाब राहत नाही. अटलांटिकपार नेल्या जाणाऱ्या गुलामांची डोकी भादरत, तेव्हाही स्वच्छतेच्या नावाखाली माणसाची ओळखच पुसली जात होती.

वेण्यांचं दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. सरळ केसावरून टाळूचं तेल टोकापर्यंत ओघळतं. घट्ट वळलेल्या केसात ते प्रत्येक वळणावर अडतं, म्हणून टोकं कोरडी राहतात आणि वळणावरच केस तुटतो. रोज विंचरलं की आणखी तुटतो. बारीक वेण्या घातल्या की टोकं आत झाकली जातात, कंगवा काही आठवडे लागत नाही, ऊन-धूळ कमी लागते. आपल्या आज्या तेल लावून घट्ट वेणी घालायच्या, त्यातही हाच हिशेब होता.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पुण्यात शिकताना शेजारच्या खोलीत सुदानी मुली राहायच्या. रविवारी त्या एकमेकींच्या मागे बसून तीन-चार तास वेण्या घालत आणि मला हाताशी घेत. त्यांची पहिली ताकीद असे, कपाळापाशी ओढू नकोस. वेणी दुखली तर ती चुकली. ताणाने मुळंच सुटतात. आमच्यात गुसलचा प्रश्न निघतो, तेव्हा एक हदीस आठवावी. उम्मे सलमा यांनी हेच विचारलं होतं, की माझ्या वेण्या घट्ट असतात, गुसलसाठी सोडाव्या लागतील का? डोक्यावर तीन ओंजळी पाणी पुरेल, असं त्यांना सांगितलं गेलं.

भाचीची टाळू बरी व्हायला तीन आठवडे गेले. मग मी केस ओले करून, खोबरेल तेल लावून, शेपटीच्या कंगव्याने भांग पाडले. जिथे केस तुटले होते तो भाग मोकळा ठेवला. दुपारभर ती माझ्या गुडघ्यांमध्ये बसून होती आणि मी तिला चापूची गोष्ट सांगत होते. बावीस वेण्या झाल्या. संध्याकाळी ती दुकानात दूध आणायला गेली, तेव्हा ओढणी खांद्यावर होती.

जाताना तिने एकच अट घातली. दिवाळीच्या सुट्टीत तिला खुलताबादला न्यायचं, मलिक अंबरची कबर बघायला.