जडवस्तू नोंदवहीतला संगणक

शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही कुणी आवडीने उघडत नाही. पदभार देताघेताना किंवा तपासणीच्या आदल्या दिवशी तिची आठवण होते, इतकेच. पण तिचे रकाने नीट पाहिले तर त्यांत एक जुना प्रश्न दडलेला दिसतो. एखादी वस्तू आपल्याकडे आहे असे म्हणण्यासाठी तिच्याविषयी नेमके काय लिहून ठेवावे? संगणकांची नोंद संगणकानेच ठेवावी असे ठरले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा पुढे आला आणि अभियंत्यांना त्याच्यावर बरीच वर्षे खर्च करावी लागली.

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरील मोठा ग्रंथ छापून निघाला. त्यात द्विनोंदी हिशेबपद्धतीचे प्रकरण आहे आणि त्याची सुरुवात मालमत्तेच्या यादीपासून होते. यादीत आधी रोकड, जडजवाहीर, चांदी लिहावी. घरदार, जमीन मागाहून लिहिली तरी चालेल, असे पाचोली सांगतो. कारण साधे आहे. मौल्यवान आणि सहज हरवण्याजोग्या वस्तू आधी नोंदवायच्या, जमीन कुठे पळून जात नाही. (शाळेतही कपाट हरवत नाही, प्रोजेक्टरची तार हरवते.)

पुढे याद्या लांबत गेल्या, पण वस्तू मुकीच राहिली. टेबलाला त्याचा क्रमांक विचारता येत नाही; तो रंगाने लिहावा लागतो आणि कुणीतरी जाऊन वाचावा लागतो. संगणक ही या बाबतीत निराळी वस्तू ठरली. जाळ्यात जोडलेल्या यंत्राला दुरून विचारले तर ते स्वतःविषयी उत्तर देऊ शकते.

अशी विचारपूस करण्याची एक सामाईक पद्धत इंटरनेटच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये मांडली. ‘एसएनएमपी’ हे तिचे नाव. यंत्राने स्वतःच्या ओळखीदाखल तीन गोष्टी सांगायच्या: आपले वर्णन, आपल्या प्रकाराचा संकेतांक आणि सुरू झाल्यापासून लोटलेला वेळ. तिन्ही गोष्टी यंत्राला स्वतःहून ठाऊक असतात. पण यंत्र बिघडले की पहिला प्रश्न येतो तो ‘ते कुठे आहे?’ आणि दुसरा ‘ते कुणाच्या ताब्यात आहे?’ त्याचे उत्तर या तिन्हींत नव्हते. १९९१ च्या सुधारित आराखड्यात रकाने वाढवले गेले. त्यांत यंत्राचे नाव, ठिकाण आणि जबाबदार व्यक्ती हे तीन होते. ठिकाणाच्या रकान्यासाठी दिलेले उदाहरणही पाहण्यासारखे आहे: तिसऱ्या मजल्यावरील टेलिफोनची खोली. हे तीनही रकाने माणसाने भरायचे होते. आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत हे यंत्राला कसे कळणार?

टेबलावरच्या संगणकांची कथा याहून गमतीची आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘डेस्कटॉप मॅनेजमेंट टास्क फोर्स’ या उद्योगगटाने संगणकांच्या माहितीचे प्रमाणीकरण हाती घेतले. त्यातून रूढ झालेल्या ‘एसएमबायोस’ या तक्त्यात उत्पादकाचे नाव, नमुना, अनुक्रमांक ही माहिती मदरबोर्डवरच साठवलेली असते. पेटीच्या नोंदीत मालकाने दिलेल्या क्रमांकासाठीही, म्हणजे आपल्या नोंदवहीतल्या क्रमांकासाठी, वेगळा रकाना आहे. योजना उत्तम होती. प्रत्यक्षात मात्र सुटे भाग जुळवून तयार केलेल्या असंख्य संगणकांत अनुक्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ एवढेच आढळते. ‘हे उत्पादकाने भरावे’ ही छापील सूचनाच उत्तर होऊन बसली! नोंदणीची आज्ञावली अनुक्रमांकावरून यंत्र ओळखत असेल, तर अशी दहा यंत्रे तिला एकच वाटू शकतात. म्हणून असल्या निरर्थक उत्तरांची यादी आज्ञावलीला आधीच द्यावी लागते. जाळ्याच्या कार्डाचा ४८ बिटांचा पत्ता वापरावा, तर कार्ड बदलले की पत्ता बदलतो. एकाच खुणेवर विसंबून चालत नाही.

एक प्रश्न अजून उरला होता. नोंद कशाची करावी? पेटीची, की आतल्या प्रत्येक भागाची? डिसेंबर १९९९ मध्ये जाळ्यातील यंत्रांच्या भागांविषयीचा आराखडा सुधारण्यात आला. त्यात अनुक्रमांक आणि मालकाचा नोंदक्रमांक असे दोन स्वतंत्र रकाने आले, आणि त्यांच्याबरोबर एक शहाणा दंडकही. जो भाग जागेवर काढून बदलता येतो त्यालाच स्वतःचा नोंदक्रमांक हवा. जो वेगळा काढताच येत नाही त्याला गरज नाही. आम्हांला हा दंडक पाचोलीच्या सल्ल्याच्या जवळचा वाटतो. जे हलू शकते ते आधी लिहा.

संगणककक्षासाठी आज एखादी नोंदणीची आज्ञावली बसवताना हा दंडक सरळ लावता येतो. मॉनिटर बदलता येतो, त्याला क्रमांक हवा. मदरबोर्डवर पक्क्या बसवलेल्या चिपला नको. अनुक्रमांक यंत्राकडून घ्यावा. नोंदवहीतील क्रमांक, खोली, ताबेदार, खरेदीचा दिनांक आणि कोणत्या निधीतून घेतले हे मात्र आपण भरावे. खोलीचा रकाना मोकळा ठेवू नये, ठरलेल्या नावांतून निवडण्याचा ठेवावा. नाहीतर ‘संगणककक्ष’, ‘संगणक कक्ष’ आणि ‘कॉम्प. लॅब’ अशा एका खोलीच्या तीन खोल्या होतात. शेवटचा रकाना स्थितीचा असतो: चालू, नादुरुस्त, दुरुस्तीस पाठवलेला, निर्लेखित. निर्लेखन झाले म्हणून नोंद पुसून टाकू नये. वहीचे पान आपण फाडत नाही. आडवी रेघ मारून आदेशाचा क्रमांक लिहितो आणि खाली सही करतो.