अतिशीत रेणूंच्या बंधनऊर्जेचे लेसर-मापन

रेणूतील अणू एकमेकांपासून पूर्ण सुटे करायला किमान जितकी ऊर्जा लागते, ती त्या रेणूची बंधनऊर्जा. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेलेल्या वायूत ती लेसरने कमालीच्या अचूकतेने मोजता येते. एवढी थंडी कशाला, याचे उत्तर आकड्यांत आहे. अशी ऊर्जा कंप्रतेत सांगतात; तापमानही कंप्रतेत मांडले, तर एक मायक्रोकेल्विन म्हणजे सुमारे २१ किलोहर्ट्झ आणि खोलीचे तापमान म्हणजे सुमारे ६ टेराहर्ट्झ. इतक्या धावपळीत मेगाहर्ट्झच्या घरातला बंध टिकतही नाही, दिसतही नाही.

प्रकाशाने दोन अणू जोडण्याची कल्पना १९८७ मध्ये मांडली गेली. १९९३ मध्ये सोडियम व रुबिडियमवर ती प्रयोगाने सिद्ध झाली. मापनाला दोन लेसर लागतात. पहिला, टकरणाऱ्या अणूंच्या जोडीला उत्तेजित रेणूत नेतो. असे रेणू लवकरच फुटतात आणि अतिशीत वायू धरून ठेवणाऱ्या सापळ्यातील अणू घटतात. दुसऱ्याची कंप्रता हळूहळू सरकवतात. ती उत्तेजित रेणू आणि खालची बद्ध पातळी यांच्यातील अंतराशी जुळली, की घट एकदम थांबते. त्या क्षणीचा दोन कंप्रतांमधला फरक हीच बंधनऊर्जा. मोजायचे असतात ते फक्त अणू आणि कंप्रता, म्हणूनच ही पद्धत इतकी भरवशाची.

स्ट्रॉन्शियमचे उदाहरण बोलके आहे. २००८ मध्ये राइस विद्यापीठात ६८९ नॅनोमीटरच्या तांबड्या लेसरने स्ट्रॉन्शियम-८८ च्या एका अतिदुर्बल बंधाची ऊर्जा १३६.७ मेगाहर्ट्झ भरली. त्यावरून या समस्थानिकाचे अणू एकमेकांची जवळजवळ दखलच घेत नाहीत, असे निघाले. वस्तुमानाच्या प्रमाणात गणित पुढे नेल्यावर अणू एकाच क्वांटम अवस्थेत गोळा करायला, म्हणजे बोस-आइन्स्टाइन संघननाला, स्ट्रॉन्शियम-८४ मात्र सोयीचा ठरला. निसर्गात तो जेमतेम अर्धा टक्का. तरी स्ट्रॉन्शियमचे पहिले असे संघनन २००९ मध्ये त्याचेच झाले.

बळकट बंधही याच मार्गाने मोजले जातात. अमेरिकेतील बोल्डर येथे २००८ मध्ये पोटॅशियम-रुबिडियम रेणूच्या सर्वांत खालच्या पातळीची बंधनऊर्जा १२५.३१९७०३ टेराहर्ट्झ मिळाली. शेवटच्या आकड्यापर्यंत पोचायला कंप्रता-कंगवा, म्हणजे समान अंतरावरच्या कंप्रतांची लेसर-मोजपट्टी, लागतो. त्याच्या विकासातील वाट्यासाठी हॉल व हेन्श या भौतिकशास्त्रज्ञांना २००५ चे नोबेल मिळाले.

महाराष्ट्रात पुण्याच्या आयसर संस्थेत उमाकांत रापोल यांचा गट रुबिडियम व स्ट्रॉन्शियमच्या अतिशीत अणूंवर काम करतो. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे.