टाकीखालची टाकी

'संप' म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना 1982 चा गिरणी संप आठवतो. त्यामुळे 'मी सध्या घरी संप करतोय' असं फोनवर सांगितल्यावर मामांनी आधी काळजीने 'नोकरी ठीक आहे ना रे?' असंच विचारलं. तर मंडळी, हा संप तो नव्हे. हा इंग्रजीतला संप. खाणीच्या तळाशी पाझरलेलं पाणी गोळा व्हायला जो खड्डा करतात, तो हा. तिथून हा शब्द इमारतींच्या जमिनीखालच्या टाकीला आला आणि तिथून माशांच्या टाकीखाली ठेवतात त्या दुसऱ्या टाकीलाही. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून सांडून पाइपाने खाली येतं, खालच्या टाकीत गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. एवढंच.

गेले दोन महिने सुट्टीच्या दिवशी मी आणि आमचे सुतारकाका ह्या कामाला लागलो आहोत. घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. 'मासे तर वर असणार, मग खाली कपाटात आणखी एक टाकी कशाला? एक काचेचं भांडं आणायचं, दोन गोल्डफिश सोडायचे, झालं!' ह्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात लंडनमधून. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या एका डॉक्टरने 1829 साली एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. पतंगाचं राहिलं बाजूला, बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवला आणि वर्षानुवर्षं बंद बाटलीत जगला. ह्यातून 'वॉर्डची पेटी' निघाली, आणि काचेच्या बंद पेटीत एक छोटं जग आपलं आपण चालू शकतं ही कल्पना लोकांच्या डोक्यात बसली.

ती पाण्यात आणली रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत तो काम करायचा. 1849 साली त्याने एका भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडणार, वनस्पती ऑक्सिजन देणार, हिशोब जुळला! पण थोड्या दिवसांत पानं कुजू लागली, पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. ह्या प्रयोगाची हकीकत त्याने 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडली. मासा, वनस्पती आणि गोगलगाय, तिघांचा संसार सुखाचा. ह्यालाच पुढे 'समतोल मत्स्यालय' म्हणायला लागले.

फिलिप गॉस ह्या निसर्गअभ्यासकाचं मत्स्यालयावरचं पुस्तक 1854 मध्ये आलं. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहायला मत्स्यालय उघडलं होतं. मग काय, इंग्लंडात घरोघरी दिवाणखान्यात टाक्या आल्या. लोक किनाऱ्यावर जाऊन खडक खरवडून समुद्रफुलं आणायला लागले. आणि 1860 च्या दशकात ही लाट ओसरलीसुद्धा. बहुतेकांच्या टाकीतले जीव मरत होते आणि पाण्याला वास येत होता. तीन पात्रांचा हिशोब कागदावर जुळत होता, टाकीत जुळत नव्हता.

ह्या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट मला फार आवडते. 1846 मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले आणि ते जगवले. कसे? तर त्यांच्या घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीसमोर उभी राहून समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. अर्धा-पाऊण तास, रोज. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मत्स्यालयाच्या इतिहासातला पहिला पंप म्हणजे ही बाई! बाईसाहेबांचं नाव पुस्तकांत आलं. मी जे वाचलं त्यात तिचं नाव कुठे दिसलं नाही.

पाणी हलतं ठेवायला हवं, हे ज्याला सर्वात चांगलं कळलं तो विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये त्याचं मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान होतं. लाट ओसरली तसा तो दिवाळखोर झाला. पण माणूस चिवट. 1864 मध्ये हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातलं मत्स्यालय त्याने उभं केलं आणि 1871 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधलं. तिथे त्याने काय केलं पाहा. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली एक भलामोठा अंधारा हौद बांधला. वर जेवढं पाणी, त्याच्या कितीतरी पट खाली. वाफेच्या इंजिनावरचे पंप ते पाणी रात्रंदिवस वर चढवायचे, एका टाकीतून दुसरीत सांडत ते परत हौदात यायचं. पाणी बदलायचं नाही, फिरवायचं. नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय 1874 मध्ये उघडलं, तिथेही त्याचा सल्ला घेतला होता.

हीच आपली टाकीखालची टाकी. माझ्या कपाटातली टाकी ही लॉइडच्या हौदाची खापरपणती म्हणायला हरकत नाही!

गंमत अशी, की हा हौद नेमका का चालतो हे लॉइडलाही पुरतं ठाऊक नव्हतं. फिरत्या पाण्यात हवा मिसळते आणि घाण 'जळून' जाते, असा त्या काळचा समज. तो चूक नव्हता, पण जाळतं कोण?

ह्याचं उत्तर मत्स्यालयवाल्यांनी नाही, शेती आणि सांडपाण्यावर काम करणाऱ्यांनी शोधलं. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवलं. सुमारे वीस दिवस काहीच नाही, अमोनिया जसा गेला तसाच खाली आला. मग अचानक अमोनिया नाहीसा होऊन खाली नायट्रेट यायला लागलं. नुसतं रसायन असतं तर पहिल्या दिवशीच झालं असतं. वीस दिवस थांबायचं कारण म्हणजे कुणीतरी वाढत होतं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि काम बंद पडलं. म्हणजे आत काहीतरी जिवंत होतं.

आणि आता ह्या गोष्टीतला माझा सर्वात लाडका भाग. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका रसायनशास्त्रज्ञाने हे काम पुढे नेलं. हा बदल दोन टप्प्यांत होतो, आधी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे, हे त्याने दाखवलं. त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हो, त्याच वॉरिंग्टनचा मुलगा! बापाचंच नाव पोराला. वडिलांनी गोल्डफिशचं भांडं मांडलं तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. वडील 1867 मध्ये गेले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी मुलगा मातीत जे शोधत होता, ते वडिलांच्या भांड्यातल्या वाळूवर आणि काचेवर तेव्हाच बसलेलं होतं. मासा, वनस्पती, गोगलगाय आणि हे चौथं, न दिसणारं पात्र. वडिलांचा हिशोब अपुरा होता आणि त्यातली राहिलेली रक्कम मुलाच्या हाती लागली. त्याला स्वतःला हे कधी जाणवलं असेल का? मला तरी हा प्रश्न सुटत नाही.

थोरल्या वॉरिंग्टनला नावं ठेवायचा हेतू नाही. त्याला दिसलं तेवढं त्याने नीट लिहून ठेवलं. धाकट्यालाही ते जीव वेगळे काढता आले नाहीत, कारण नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढेनात. ते जमलं विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाला, 1890 च्या सुमारास. आणि गोष्ट अजून संपलेली नाही. 1998 मध्ये कळलं, की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम ज्या जिवाणूच्या नावावर वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं, तो ते करतच नव्हता, ते दुसरेच करत होते. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच करणारा जिवाणू सापडला. तो सापडलेल्या जागांपैकी एक म्हणजे मत्स्यपालनातली पाणी फिरवणारी गाळणी!

इकडे सांडपाणीवाले 1890 च्या दशकापासूनच दगडांच्या थरावरून पाणी ठिबकवून स्वच्छ करत होते. ओला दगड आणि भरपूर हवा मिळाली की हे जिवाणू जोरात वाढतात. घरगुती मत्स्यालयांत हीच ठिबक गाळणी रुजायला मात्र 1980 चं दशक उजाडावं लागलं.

आता आपल्या घरी येऊ. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साधारण 240 लिटर पाणी. काच, वाळू, दगड धरून साडेतीनशे किलोच्या आसपास. पाच मोठी माणसं एका टेबलावर उभी आहेत आणि वर्षानुवर्षं खाली उतरणार नाहीत, असं समजा. सुतारकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, 'वजन स्क्रूवर नाही द्यायचं साहेब, लाकडावर द्यायचं.' म्हणजे वरची चौकट पायांच्या बाजूला स्क्रूने अडकवायची नाही, ती पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. स्क्रूने फक्त जागेवर धरायचं. पाठीमागे प्लायवुड ठोकलं ते शोभेला नाही, स्टँड आडवा झुलू नये म्हणून. मग पाणसळ लावून चारही कोपरे तपासले, वर थर्माकोलची शीट. टाकी एका बाजूला कलली तर काचेच्या जोडावर ताण येतो.

खालची टाकी अडीच फुटी. तिच्यात काचेचे पडदे लावून तीन कप्पे केले. पहिल्यात स्पंज, तो कचरा अडवतो. दुसऱ्यात सिरॅमिकच्या सच्छिद्र रिंगा, हे आपल्या चौथ्या पात्राचं घर. तिसऱ्यात पंप. उन्हाळ्यात पाणी उडून जातं ते फक्त ह्या तिसऱ्या कप्प्यात कमी दिसतं, वरची पातळी तशीच राहते.

सगळ्यात महत्त्वाचा हिशोब वीज गेल्याचा. पंप थांबला की वरच्या टाकीतलं काठाच्या वरचं पाणी खाली येणार. दोन सेंटिमीटरचा थर धरला तरी जवळजवळ अकरा लिटर, शिवाय पाइपातलं वेगळं. तेवढी जागा खालच्या टाकीत कायम रिकामी हवी, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाऊस! शिवाय वर जाणाऱ्या पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ बारीक भोक पाडलंय. पाणी उलटं ओढलं जायला लागलं की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. टाक्या भरून मुद्दाम दहा वेळा पंप बंद केला. एक थेंब बाहेर आला नाही.

तर काचेच्या भांड्याचं उत्तर हे असं आहे. भाच्याला वाढदिवसाला कुणीतरी गोल भांडं आणि दोन गोल्डफिश दिले होते. दुकानदाराने 'काही करावं लागत नाही' म्हणून सांगितलं होतं. बाराव्या दिवशी दोन्ही गेले आणि पोरगं दोन दिवस जेवलं नाही. त्याच्या आईला वाटलं, ह्यानेच जास्त खाऊ घातलं. मला वाटतं, त्या भांड्यात अमोनिया चढत होता आणि तो खाणारं कुणी अजून जन्मालाच आलं नव्हतं. श्लोझिंग आणि म्युंट्झच्या नळीला वीस दिवस लागले होते, ह्या माशांना बाराच मिळाले. पोराची त्यात काही चूक नव्हती, हे मी त्याला सांगितलंय, आणि ताई, तुलाही इथे सांगतो.

सध्या टाकीत मासे नाहीत. पाणी फिरतंय, अमोनियाचे चार थेंब टाकून दर दोन दिवसांनी भाचा आणि मी नळकांडीत पाण्याचा रंग तपासतो आणि वहीत लिहितो. आज अठरावा दिवस. अमोनिया उतरायला लागलाय, नायट्राइट चढलंय, म्हणजे धाकट्या वॉरिंग्टनचा पहिला टप्पा सुरू आहे. दोन्ही शून्यावर आले की मासे आणायचे, कोणते ते भाचा ठरवणार. तोवर नुसती पाण्याची टाकी पाहायला यायचं असेल तर जरूर या. चहा आहेच.