एकाच नावाच्या चार गाठी

आठवीत खिडकीजवळच्या बाकावर बसणारी आपली मैत्रीण आठवते ना? नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. सकाळी उठल्या उठल्या उलटी, डोकेदुखी, मग प्रार्थनेच्या रांगेत जाणारा तोल. कोणी पित्त म्हणालं, कोणी चष्म्याचा नंबर. घरच्यांनी देवाला गाऱ्हाणंही घातलं. शेवटी रात्रीच्या एस.टी.ने तिला मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले. डोक्याला रुमाल बांधून एकदा शाळेत येऊन गेली. नववीत ती जागा रिकामीच राहिली. "मेंदूत गाठ होती," एवढंच बाईंनी सांगितलं.

तिचं नाव मेड्युलोब्लास्टोमा, हे मला परवा तिच्या भावाकडून कळलं. त्यांची आई आजही म्हणते, आपण उशीर केला. मग मी वाचायला बसले. इंजिनिअर माणूस, बिघाड कुठे झाला ते शोधल्याशिवाय झोप येत नाही.

लहान मेंदूत होणाऱ्या, मुख्यतः मुलांच्या या कर्करोगाला हे नाव १९२५ मध्ये अमेरिकेत बेली आणि कुशिंग यांनी दिलं. नुसत्या ऑपरेशनने जवळजवळ कोणी वाचत नसे, कारण मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवातून या पेशी दूर पसरतात. म्हणून संपूर्ण मेंदूला आणि मणक्याला किरण देऊ लागले. मुलं वाचू लागली, पण कुणाची उंची खुंटली, कुणाला अभ्यास जमेना. आणि सगळ्यांना साधारण एकच औषधयोजना असूनही काही वाचत, काही नाही. सूक्ष्मदर्शकातून हा फरक पुरता कळत नव्हता. तो जनुकांत निघाला. डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप ३ आणि ग्रुप ४ असे या आजाराचे चार प्रकार २०१२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने मांडले.

इथे एक नाव भेटलं, डॉ. नीलम शिरसाट. (आडनाव आपल्याकडचं वाटलं म्हणून आधी तोच शोधनिबंध उघडला, हे कबूल!) टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेतल्या त्यांच्या गटाने आपल्याच देशातल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. अडचण अशी की काढलेला तुकडा बहुधा फॉर्मलीनमध्ये घालून मेणात बसवलेला असतो, आणि त्यातलं लांब आरएनए तुटून जातं. मायक्रो-आरएनए मात्र जेमतेम २२ अक्षरांचं. जनुकांचे निरोप दाबून ठेवणं हे त्याचं काम, आणि ते मेणातही टिकतं. जुन्या फ्लॉपीवरची मोठी फाइल उघडत नाही, चार ओळींची टेक्स्ट फाइल उघडते, तसंच काहीसं. गोठवलेल्या ४४ आणि मेणातल्या ५९ गाठींवर त्यांनी काम केलं. १२ जनुकं आणि ९ मायक्रो-आरएनए मोजून प्रकार ओळखायची ही चाचणी ९७ टक्के अचूक ठरली. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. यंत्रणा कोणती, तर कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली पीसीआर! मला सगळ्यात आवडलं ते हेच. साध्या रुग्णालयातला मेणाचा ठोकळाही बोलू शकतो.

डब्ल्यूएनटी प्रकारातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं पूर्ण उपचारांनी वाचतात. मग त्यांना किरण कमी दिले तर? टाटामध्ये डॉक्टरांनी मणका वगळून फक्त गाठीच्या जागी किरण देऊन पाहिले. काही मुलांत आजार दूरच्या भागात परतला आणि तो अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. प्रकार कळला म्हणून आजार सौम्य होत नाही. पण निदान नेमका प्रश्न तरी विचारता येतो.

तिच्या वेळी असं काहीच नव्हतं. तिची गाठ कुठल्या प्रकारची होती, हे आता कळणार नाही. लवकर नेलं असतं तर काय झालं असतं, तेही मी सांगू शकत नाही. भावाला फोनवर एवढंच म्हटलं, की नाव एक असलं तरी आजार चार होते, आणि त्यातला कुठला होता ते तेव्हा कुणालाच ओळखता येत नव्हतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमी उशीर केलो म्हणानच ती गेली, असा नाय मा? ह्यां तू आयेक येऊन सांग."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी मालवणात पोचते आहे. आधी त्यांच्या घरी जाईन, मग शाळेत.